दादाच्या बोटांतली तार

मला हळू आवाजात लिहिता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझा हात पत्रकांवर बसलेला आहे. दारूबंदीची पत्रकं, भोंदू बाबांच्या विरोधातली पत्रकं. ग्रामसभेत वाटायची, बसस्टँडवर वाटायची, बाजाराच्या दिवशी भाजीवाल्यांच्या पाट्यांशेजारी ठेवायची. वर ठळक मथळा, खाली मागण्या, शेवटी जाहीर निषेध. शंकेला तिथं जागा नसते. आणि मी जे सांगणार आहे, त्या दिवसांत माझ्याजवळ शंकेशिवाय दुसरं काही नव्हतं. देवाला मी मानते. संघटनेतली पोरं यावरून मला चिडवतात. "ताई, सकाळी मारुतीला पाणी घालतीस अन् दुपारी बाबालोकांच्या विरोधात भाषण ठोकतीस, नेमकी कोणत्या पार्टीत हाईस तू?" मी हसण्यावारी न्यायचे. पण त्या आठवड्यात हाच प्रश्न मलाच पडला, आणि तेव्हा हसू आलं नाही.

आमचं गाव पूर्णा तालुक्यात, चुडाव्याच्या पलीकडं. माझ्या थोरल्या भावाचं, दादाचं, स्टेशनच्या रस्त्याला मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्याकडं येतात. जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार वेढ्यावर वेढा बसवत भरायची आणि वेढे तोंडानं मोजत राहायचे. एक चुकला की मोटार पुन्हा जळते. दादाचं मोजणं कधी चुकत नसे. मग चुकायला लागलं, कारण सकाळी उठल्या उठल्या थोडी घेतल्याशिवाय त्याचे हात थांबेनात. हात थांबावेत म्हणून प्यायची, आणि पितो म्हणून दुसऱ्या दिवशी हात जास्त हलायचे. त्याची बहीण सगळ्या तालुक्याला दारू सोडायला सांगत फिरते, यावरून गावात होणारे विनोद मी इथं लिहीत नाही.

आमच्याकडं दारू सोडायची एक रीत आहे. सप्ताह बसला की पहिल्या दिवशी, मारुतीच्या देवळापुढच्या मंडपात सगळ्यांसमोर, ज्याला सोडायची आहे त्याच्या गळ्यात विणेकरी तुळशीची माळ घालतो. माळ घातली की त्या घटकेपासून थेंब नाही. थोडी थोडी कमी करतो, असं म्हणायची सोय नाही, माळेचा तो अपमान होतो. या रीतीनं कितीतरी घरं सावरलेली मी पाहिली आहेत, म्हणून तिला मी नावं ठेवणार नाही. त्या वर्षी आईनं दादाच्या मागं लकडा लावला आणि तो तयार झाला. तात्या आमच्या गावचे जुने विणेकरी. त्यांनी माळ घातली, दादा त्यांच्या पायावर डोकं ठेवून पोरासारखा रडला. आईही रडली. वैनी मात्र कोरड्या डोळ्यांनी बघत होती. तिनं असं रडणं बरेचदा पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दादाला घाम फुटला. अंगावरचा सदरा पिळून काढावा इतका. पोटात पाणी ठरेना, हात असे हलायला लागले की पेला दातांवर आपटायचा. शेजारीपाजारी समाधानानं म्हणाले, विष बाहेर पडायलंय, पडू द्या. गावातल्या डॉक्टरांनी अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. संध्याकाळी वैनी माझ्या खोलीत आली. माझ्या टेबलावर पत्रकांचा गठ्ठा होता, त्यातलं एक तिनं उचललं, बोटानं मथळा वाचला आणि म्हणाली, "दारू सोडा, असं लिव्हलंय तुमी. सोडली बघा. आता फुडचं कुठं लिव्हलंय?"

पुढचं कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझ्या पत्रकात नव्हतं आणि सरकारी भिंतींवर रंगवलेल्या सुविचारांतही नव्हतं. दारूचं दुकान कुठं आहे हे आमच्या गावात आलेल्या पाहुण्यालाही पहिल्याच दिवशी कळतं. सोडल्यावर जायचं कुठं, हे जन्म काढलेल्या माणसाला माहीत नसतं. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. मी फोन घेऊन बसले. जवळचा समुपदेशक, असं शोधलं. पहिला नंबर लावला तर पलीकडच्या पोरीनं विचारलं, नीटला मार्क किती पडलेत? दुसराही तसलाच, तो परदेशी ॲडमिशनचं बोलायला लागला. व्यसनमुक्तीची केंद्रं सापडली ती पुण्याची, संभाजीनगरची. एका ठिकाणचा माणूस म्हणाला, तुम्ही फक्त पत्ता द्या, आम्ही गाडी घेऊन येतो, दोघं धरतील, दोघं बांधतील, सहा महिने घरच्यांनी तोंड दाखवायचं नाही. मी फोन ठेवला. भिंतीपलीकडून दादाचा आवाज येत होता. तो कुणाला तरी मुंग्या झटकायला सांगत होता.

तिसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा तो घरात नव्हता. आईनं त्याला अंघोळ घालून मंडपात नेलं होतं. मी पोचले तर दृश्य असं. मारुतीच्या डाव्या हाताला, लोडाला टेकवून दादाला बसवलेलं. कपाळाला बुक्का, गळ्यात माळेवर झेंडूचा हार. डोळे उघडे, पण कुठंतरी लांब लागलेले. आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं चालू होती. अंगठा आणि पहिली दोन बोटं, सारखी, न थांबता, आणि ओठ पुटपुटत होते. समोर बायाबाप्यांची रांग लागली होती. एकेक जण येऊन पायावर डोकं ठेवत होता. माळ लागू झाली, अखंड जप चालू झालाय, झोप नाही, अन्न नाही, पाणी नाही, देव आला माणसात, असं गावभर झालं होतं. आईच्या चेहऱ्यावर मी असं तेज कधी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं खाली मान घालून फिरलेली बाई ताठ बसली होती.

मी जवळ जाऊन कान लावला. तो नाम घेत नव्हता. आकडे मोजत होता. आणि बोटं माळ ओढत नव्हती, माळ तर हाराखाली दबून गेली होती. तो तार गुंडाळत होता. दुकानात बसून गुंडाळायचा तशीच, अंगठ्यानं ताण देत, वेढ्यावर वेढा. मी म्हटलं, "दादा, मी हाय." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मला ओळखलं नाही. म्हणाला, "टोक धर गं. सुटलं तर समदी मोटार जळती." कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं. मी आईला सांगितलं, हा जप नाही, याला भ्रम झालाय, दवाखान्यात न्यायला पाहिजे. आई म्हणाली, देवाच्या दारात बसलेल्या माणसाला उठवून सुया टोचायला नेऊ व्हय? दवाखान्याच्या औषधात दारूच असते, माळ बाटंल. रांगेतला एक जण माझ्याकडं बघून म्हणाला, "हिला घरचा देव दिसंना, चालली गावाला शिकवायला." लोक हसले.

मी भांडणारी आहे. भर ग्रामसभेत सरपंचाला उभं केलेलं आहे. पण तिथं माझा आवाज फुटला नाही. मला आत ठाऊक होतं, आज काही झालं नाही तर माझा भाऊ जाणार, आणि हार घालूनच जाणार. मी मारुतीसमोर जाऊन उभी राहिले. हात जोडायचंही सुचलं नाही. तहसीलदाराला निवेदन देतात तशी त्याच्याशी बोलले. म्हटलं, तुझ्या दारात, तुझ्या नावानं, तुझ्या डोळ्यांदेखत माझा भाऊ मरायला लागलाय. मला रस्ता माहीत नाही. मला आजवर सगळं माहीत असायचं, आज नाही. तू दाखव, नाहीतर हे सगळं तू तुझ्या डोक्यावर घे. याच्या पुढं मला काही मागता आलं नाही, कारण मागायचं काय हेच कळेना. मी गप्प झाले. गप्प उभं राहायची मला सवय नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागं पैठणीची सळसळ झाली. शेजारच्या आळीत एका सुनेचं डोहाळजेवण होतं. त्यासाठी सेलूहून तिची मावशी आलेली, शाळेत शिकवणाऱ्या बाई, हातात नारळ-फुलांचं ताट. सगळ्या पाहुण्या बायांना 'देव आलेला माणूस' दाखवायला आणलं होतं. त्याही रांगेत होत्या. त्यांची पाळी आली. त्या दादाच्या पायाशी वाकल्या आणि वाकल्या तशाच थांबल्या. डोकं ठेवलं नाही. ताट बाजूला ठेवलं, त्याचं मनगट धरलं आणि त्या चालू बोटांकडं बघत राहिल्या. मग उठून सरळ माझ्याकडं आल्या. इतक्या गर्दीत माझ्याकडंच का, हे मी त्यांना नंतर विचारलं. म्हणाल्या, सगळे त्याच्याकडं बघत होते, तू एकटी देवाकडं रागानं बघत होतीस.

मला त्यांनी मंडपाच्या खांबाआड नेलं आणि हळू आवाजात विचारलं, शेवटची कधी घेतली होती? मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "आमच्याकडं दार लावून घेतलं होतं. मास्तरीणबाईचा नवरा पितो, हे कळू नये म्हणून. त्यानं स्वतःच एकदम सोडली. हे असंच झालं. तो रात्रंदिवस हवेत खडूनं लिहीत होता, तोही मास्तरच. चार दिवसांत गेला. तुम्ही दार उघडं ठेवलंय तर हार घालायलात. उचल त्याला." मी विचारलं, कुठं नेऊ? मला कुठंच माहीत नाही. त्यांनी क्षणभर इकडंतिकडं पाहिलं, त्यांच्या नात्यातल्या बाया कान देऊन उभ्या होत्या. आणि मग त्या मघापेक्षा मोठ्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "परभणीला सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत, समुपदेशक आहेत. मला माहीत आहे, कारण मी स्वतः जाते. नवरा गेल्यापासून झोप लागत नाही मला. महिन्याला जाते. चल, मी दाखवते."

डोहाळजेवणाच्या दिवशी, भरल्या मंडपात, पैठणी नेसून, भाचीच्या सासरच्या माणसांसमोर एका शिक्षिकेनं असं बोलणं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या बायांना समजावून सांगायला नको. मी कितीतरी भाषणं ऐकली आहेत आणि दिली आहेत. इतकं धाडसाचं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

आई तरी उठेना. तिनं दादाचा हात धरून ठेवला होता. माळेचं काय, माळेचं काय, एवढंच बोलत होती. मी तात्यांकडं पाहिलं. सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात आहे त्यानं पहारा संपेपर्यंत जागा सोडायची नसते. तात्यांचा पहारा अर्धाही झाला नव्हता. ते उभ्या जागी सगळं ऐकत होते, आणि खरं सांगायचं तर सकाळपासून त्यांचाही चेहरा मला घाबरलेलाच दिसत होता. त्यांनी खुणेनं एकाला बोलावलं, वीणा उतरवून त्याच्या गळ्यात घातली, त्याच्या पायाला हात लावला आणि दादाजवळ येऊन खाली बसले. हार काढून बाजूला ठेवला. माळ तशीच राहू दिली. म्हणाले, "माय, माळ मी घातली. आता मानूसबी मीच उचलतो. देवाला जिता मानूस पायजे, असला मखरातला न्हाई." आईची मूठ सुटली. रांगेतला मघाचा तो बोलणारा गडी पुढं आला आणि त्यानं दादाचे पाय धरले. मी खांद्याखाली हात घातला.

डोहाळजेवणाची जीप दारात उभी होती, मागच्या सीटवर फळांच्या परड्या. परड्या उतरवल्या, दादाला आडवं केलं, आई, वैनी, तात्या आणि मी दाटीवाटीनं बसलो. भाचीची सासू तोंड फिरवून उभी होती, बाई तिच्याकडं न बघता पुढं बसल्या. पूर्णेपर्यंतचा रस्ता कसा आहे ते आमच्याकडच्यांना ठाऊक आहे. प्रत्येक खड्ड्याला दादाचं डोकं माझ्या मांडीवर आदळायचं आणि मोजणं तुटायचं. तुटलं की तो घाबरून ओरडायचा, टोक सुटलं म्हणून. मग मी दोन बोटांत ते नसलेलं टोक धरलं. ताणून धरलं. तो शांत झाला आणि पहिल्यापासून मोजायला लागला. परभणी येईपर्यंत मी ते धरून होते. बोटांना रग लागली तरी सोडायची हिंमत झाली नाही. भोंदू बाबांच्या विरोधात पत्रकं काढणारी मी, हवा धरून बसले होते आणि मनात मारुतीचं नाव घेत होते. त्या वेळी यात मला काही विसंगत वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही.

दवाखान्यात बाई पुढं, आम्ही मागं. कोणत्या दारातून जायचं, कुणाला काय सांगायचं, त्यांना पाठ होतं. डॉक्टरांनी दादाला पाहिलं आणि लगेच भरती केलं. सुया, सलाईन. नर्सनं माळ हलकेच सरकवून मान पुसली आणि परत नीट ठेवली, तेव्हा आईनं पहिल्यांदा श्वास सोडला. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, आजचा दिवस काढू द्या, मग बोलू. तो दिवस कसा काढला ते मी लिहू शकत नाही. त्याची छाती वरखाली होतेय ना, एवढंच बघत आई, वैनी आणि मी बसलो. तात्या बाहेर पायरीवर. दादाची बोटं औषधानं थांबली तेव्हा तर मला जास्तच भीती वाटली, मी नाकाखाली हात धरून बघितला.

दोन दिवसांनी सकाळी त्यानं डोळे उघडले, वैनीकडं पाहिलं आणि विचारलं, दुकान कुणी उघडलं? वैनी उठून बाहेर गेली. व्हरांड्यात भिंतीला तोंड लावून ती रडली. माळ घातली तेव्हाचं राहिलेलं रडणं तिनं तिथं काढलं.

समुपदेशक सर त्यानंतर भेटले. मध्यम वयाचे, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलणं आमच्यासारखंच. मला वाटलं होतं, आता आमची शाळा घेतील. ते दादाला म्हणाले, तुम्ही सोडली हे लय चांगलं केलं, फक्त शरीराला सवय झाली की असं एकदम तोडलं तर ते उलटतं, म्हणून हे काम डॉक्टरांच्या हाताखाली करायचं. मग आईला विचारलं, माळ कुणी घातली? आई चाचरत बोलली. ते म्हणाले, राहू द्या गळ्यात, पुढं लागंल. एवढ्यावर आई त्यांची झाली.

दादा सावरला, पण सरळ रेषेत नाही. मध्ये एकदा घसरला. ती सकाळ वाईट होती. माळ काढून त्यानं तात्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाला, मी लायकीचा न्हाई. तात्यांनी ती उचलून पुन्हा त्याच्या गळ्यात घातली. म्हणाले, "लायकी तू ठरवायलास व्हय? जा, पैल्यांदा परभणीला जाऊन ये, मंग देवळात ये." आमच्या गावात असा क्रम कुणी लावून दिलेला मी पहिल्यांदाच ऐकला. आता यंदापासून माळ घालण्याआधी तात्या विचारतात, किती वर्षं पितोस, रोज पितोस का, आणि रोजचा असेल तर आधी दवाखान्याचा रस्ता दाखवतात. माझ्या पत्रकाच्या तळाशी जाहीर निषेधाच्या जागी आता तोच रस्ता छापलेला असतो.

लोक विचारतात, त्या बाई त्याच दिवशी कशा आल्या? मला उत्तर द्यायचं नाही. भाचीचं डोहाळजेवण होतं म्हणून आल्या. मी त्या घटकेला बोलायची थांबले होते, एवढं मात्र खरं आहे. मी भांडत राहिले असते तर मला त्यांचा तो हळू आवाज ऐकू आला असता का, हे मला सांगता येत नाही.

एक गोष्ट राहिली. दादाच्या बरोबर मी दर वेळी परभणीला जायचे, बाहेरच्या बाकावर बसायचे. कधी सेलूच्या बाई भेटायच्या, आम्ही शेंगा खात बसायचो. एकदा दादा बाहेर आला आणि मागोमाग सर दारात आले. त्यांनी मला विचारलं, "आणि तुम्ही? तुम्हाला झोप लागते का?" मी म्हणणार होते, माझं काय, मी ठीक आहे, मी तर लोकांना सांगत फिरते. तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्या सप्ताहापासून मी रोज पहाटे दचकून उठत होते आणि दादाच्या खोलीच्या दाराशी कान लावत होते, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. बाईंनी शेंगांची पुडी माझ्या हातातून काढून घेतली आणि पाठीवर हात ठेवला, जा म्हणून.

मी आत गेले. खुर्चीत बसले. मागणी नव्हती, निषेध नव्हता, समोरच्याला पटवून द्यायचं काही नव्हतं. म्हटलं, सर, मला भीती वाटते. मग ते ऐकत राहिले, आणि मी पहिल्यांदा कुणाच्या तरी भरवशावर माझं ओझं खाली ठेवलं. शरण जाणं यालाच म्हणत असतील तर मारुतीनं मला ते परभणीच्या सरकारी दवाखान्यात, एका साध्या लाकडी खुर्चीत बसवून शिकवलं. त्याचे उपकार मानते. त्या रात्री मला झोप लागली.